मालवणचा दोरा सावलीतच बरा

मे महिना सरत आला की मालवणच्या किनाऱ्याचे रूप झपाट्याने पालटू लागते. आंब्याच्या पेट्या रिकाम्या होतात, सुट्टीला आलेले मुंबईकर चाकरमानी परतीच्या गाडीची चौकशी करू लागतात, सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांच्या फेऱ्या थांबतात आणि दांडीपासून देवबागपर्यंतच्या वाळूत बांधाबांध सुरू होते. होड्या वर ओढून झावळांनी शाकारल्या जातात. इंजिने उतरवून घरी नेली जातात. घराघरांत सुके मासे, कुळीथ, सोले आणि लाकूडफाटा यांची पावसाळ्याची बेगमी होते.

या धांदलीत एक काम मात्र पाहुण्याच्या नजरेला सहसा पडत नाही. पडवीत बसून कोणी वयस्क माणूस काचेसारखा पारदर्शक दोरा दोन बोटांच्या चिमटीतून हळूहळू ओढत असतो. मध्येच थांबतो, दोरा उजेडाकडे धरून पाहतो, एखादा तुकडा कापून बाजूला टाकतो आणि पुन्हा ओढू लागतो. बघणाऱ्याला वाटावे, म्हातारबुवांचा वेळ जात नसेल. प्रत्यक्षात ते पुढच्या हंगामाचा हिशेब मांडत असतात. कारण या दोऱ्याच्या एका टोकाला गळ असतो आणि दुसऱ्या टोकाला घर.

तंगूस म्हणतात तो हाच

या दोऱ्याला किनाऱ्यावर ‘तंगूस’ असे नाव आहे. शहरातल्या गृहिणींनाही हा शब्द नवा नाही. मोत्यांचे सर ओवायला, तोरणातले मणी गुंफायला जो नायलॉनचा एकपदरी दोरा वापरतात, तोच हा. फरक एवढाच, की दागिन्यातल्या तंगुसाला चार तोळे वजन पेलायचे असते आणि मालवणच्या तंगुसाला पाच-दहा किलोची उसळी घेणारी सुरमई! जपानी भाषेत मासेमारीच्या अशाच दोऱ्याला ‘तेगुसु’ म्हणतात. मूळचा तो शब्द रानरेशमाच्या किड्यापासून काढलेल्या चिवट तंतूचा. दोन नावांमधले साम्य सहज लक्षात यावे असे आहे.

सुती दोरा अनेक तंतूंना पीळ देऊन तयार होतो. तंगूस मात्र एकच अखंड तंतू असतो. नायलॉनचे दाणे वितळवून बारीक छिद्रातून धार काढतात, ती पाण्यात थंड करतात आणि मग मूळ लांबीच्या कित्येक पट ताणतात. या ताणण्यामुळे आतले रेणू एका दिशेने ओळीत बसतात आणि दोऱ्याला बळ येते. आरपार दिसणारा असल्यामुळे पाण्यात तो माशाच्या नजरेस कमी पडतो. पाण्यापेक्षा किंचित जड असल्याने हळूहळू बुडतो. ताण आला की थोडा लांबतो, त्यामुळे मोठ्या माशाचा पहिला हिसका तो सोसून नेतो. कोळ्याला आणखी काय हवे?

बाव गोड्या पाण्याची, किल्ला खाऱ्या पाण्यात

मालवण पाहायचे तर आधी समुद्राकडे तोंड करून उभे राहावे. समोर कुरटे बेटावर सिंधुदुर्ग उभा आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात या किल्ल्याची पायाभरणी केली आणि १६६७ पर्यंत तो उभा राहिला. पायाचे दगड बसवताना शिसे ओतले, असे सांगतात. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी आहेत. चहूकडे खारा समुद्र आणि मधोमध गोडे पाणी, याचे नवल पर्यटकांना आजही वाटते.

योगायोग असा, की किल्ल्याच्या या दोन्ही गोष्टी मालवणच्या गरीवाल्याच्या पिशवीतही सापडतात. गरीला, म्हणजे गळाच्या दोऱ्याला, तळाशी नेण्यासाठी शिशाचा तुकडा बांधलेला असतो. आणि घरी आल्यावर त्याच दोऱ्याला अंघोळ घालायला गोडे पाणी लागते.

या किनाऱ्यावर प्रामुख्याने गाबीत समाजाची वस्ती. त्यांच्या मासेमारीत रापण प्रसिद्ध. लांबच लांब जाळे होडीतून समुद्रात अर्धगोल पसरायचे आणि पंचवीस-तीस जणांनी दोन टोकांना धरून किनाऱ्यावर ओढून आणायचे. आलेल्या मासळीची वाटणीही सगळ्यांत. याशिवाय उलांडीच्या होडीतून जाऊन जाळे टाकणारे आहेत, यांत्रिक बोटींवर जाणारे आहेत आणि या सगळ्यांबरोबर आहेत ते गरीवर जाणारे. कोणी खडकाळ जागी गोबरा आणि तांबोशी धरतो, कोणी होडी चालू ठेवून मागे दोरा सोडतो आणि सुरमईची वाट पाहतो, तर कोणी कर्ली नदीच्या मुखाशी, खाडीच्या काठी बसून रात्रीच्या भरतीला गरवतो. गरवणे हा येथे धंदा आहे, तसाच नादही. शाळकरी पोर आणि निवृत्त मास्तर एकाच धक्क्यावर शेजारी शेजारी बसलेले दिसतात.

जाळेवाल्याचे नुकसान झाले तर जाळ्याची दोन-चार घरे फाटतात, ती शिवता येतात. गरीवाल्याचा दोरा मात्र तुटला तर मासाही जातो, गळही जातो आणि शिसेही. सकाळपासून वाट पाहून एकच मोठी सुरमई लागलेली असते. ती होडीच्या काठाशी येऊन दोरा तोडून गेली, तर त्या दिवसाचे डिझेलसुद्धा सुटत नाही. म्हणूनच दोऱ्याचे आयुष्य हा या घरांत गप्पांचा नव्हे, पोटाचा विषय असतो.

सुताला ऊन, नायलॉनला सावली

आजच्या आजोबांच्या वडिलांनी पाहिलेला काळ निराळा होता. तेव्हा जाळी सणाची आणि कापसाच्या सुताची असत. सूत म्हणजे वनस्पतीचा तंतू. ओले राहिले की त्याला बुरशी धरायची, जिवाणू लागायचे आणि बघता बघता ते कुजायचे. त्यावर उपाय दोन. एक म्हणजे ऐनासारख्या झाडांच्या सालीच्या काढ्यात जाळे बुडवून काढायचे. सालीतल्या तुरट द्रव्यामुळे सूत टिकाऊ होई आणि त्याला तांबूस रंग चढे. दुसरा उपाय म्हणजे ऊन. समुद्रावरून आले की जाळे काठ्यांवर, वाळूवर पसरून कडक उन्हात वाळवायचे. ओले जाळे गुंडाळून ठेवणारा तो आळशी, असे समीकरणच होते.

मग नायलॉन आले. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत वॉलेस कॅरोथर्स यांच्या प्रयोगशाळेत १९३५ साली ते प्रथम तयार झाले. १९३८ साली त्याची घोषणा झाली आणि त्याच वर्षी दात घासायच्या ब्रशात त्याचे केस बसले. १९३८ सालीच जर्मनीत पॉल श्लाक यांनी दुसऱ्या पद्धतीने ‘नायलॉन ६’ बनवले. आपल्याकडच्या मासेमारीत आज मुख्यतः हाच प्रकार वापरला जातो. १९५७ साली कोचीला केंद्रीय मात्स्यिकी प्रौद्योगिकी संस्था स्थापन झाली आणि तेथे जाळ्यांच्या धाग्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास सुरू झाला. पुढे महाराष्ट्रातही कृत्रिम धाग्यांची जाळी आणि दोर बनू लागले. १९७६ साली ‘गरवारे वॉल रोप्स’ या नावाने स्थापन झालेल्या कंपनीचा वाईचा कारखाना या धंद्यात सर्वांच्या परिचयाचा आहे.

नायलॉन कुजत नाही, हे पाहून कोळी खूश झाला. सालीचा काढा गेला, भट्टी विझली. पण वाळत घालायची सवय काही गेली नाही. आणि तेथेच घात होता! ज्या उन्हाने सूत टिकत होते, तेच ऊन नायलॉनचे वैरी निघाले. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण नायलॉनच्या लांबलचक रेणूंच्या साखळ्या तोडतात आणि हवेतला प्राणवायू त्या कामी मदत करतो. साखळ्या आखूड झाल्या की दोऱ्याचा लवचिकपणा जातो, मग बळ जाते. वरून दोरा जवळजवळ तसाच दिसतो. सूत कुजले की वासाने कळे, रंगाने कळे. नायलॉन मात्र मुकाट्याने म्हातारे होते.

एका पिढीला आपली जुनी शिस्त उलटी करून घ्यावी लागली. आता किनाऱ्यावरचा जाणता माणूस जाळे वाळवतो तेही माडाच्या सावलीत आणि दोरा तर उन्हाला दाखवतच नाही.

किती दिवस टिकतो?

दुकानात दोरा मागायला गेलेल्या नवख्या माणसाचा हा पहिला प्रश्न. त्याचे एका आकड्यात उत्तर नाही, कारण दोऱ्याचे वय दिवसांवर मोजत नाहीत, त्याने सोसलेल्या ऊन, उष्णता आणि घासण्यावर मोजतात. वेष्टनातले न वापरलेले रीळ अंधाऱ्या, थंड जागी ठेवले तर कित्येक वर्षे चांगले राहू शकते. तेच रीळ दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात टांगलेले असेल, तर एक-दोन उन्हाळ्यांतच त्यातला दम कमी होतो. काच काही किरण अडवते, सगळे नाही, आणि उष्णता तर आत कोंडून ठेवते. म्हणून अनुभवी गिऱ्हाईक दर्शनी रीळ घेत नाही. ‘आतला काढा’ म्हणून सांगते.

वापरातल्या दोऱ्याची गोष्ट वेगळी. तो रोज ताणला जातो, खडकावर घासतो, माशाच्या दातांनी ओरखडतो. नियमित गरवणारे लोक दर हंगामाला तो बदलतात. निदान पुढचा, गळाकडचा भाग तरी कापून टाकतात. आतला, क्वचितच सुटणारा भाग मात्र पुढच्या वर्षी चालू शकतो. काही जण युक्ती करतात. हंगाम संपला की सगळा दोरा उलटा गुंडाळतात. आतले न वापरलेले टोक बाहेर येते आणि झिजलेले आत जाते. मोजक्या पैशांत एक हंगाम जास्त निघतो.

बारीक दोरा जाड दोऱ्यापेक्षा लवकर निकामी होतो, यामागे साधे गणित आहे. किरण आणि ओरखडे पृष्ठभागावरून सुरुवात करतात. बारीक दोऱ्यात मुळात आतला भाग थोडा, तेव्हा वरचा थर बिघडला की उरते काय? ०.५० मिलिमीटर जाडीचा दोरा एखाद्या जागी चहूबाजूंनी घासून ०.४० मिलिमीटर झाला, तर जाडी फक्त २० टक्के कमी झाली असे वाटते. पण छेदाचे क्षेत्रफळ मात्र ३६ टक्क्यांनी घटलेले असते. दोऱ्याचे बळही तेथे साधारण त्याच प्रमाणात घटते. आणि दोरा तुटतो तो नेहमी सर्वांत अशक्त जागी. बाकीचा शंभर मीटर कितीही मजबूत असला तरी त्याचा उपयोग नाही.

पाण्याचेही असेच. नायलॉन पाणी पिते. पाण्यात बराच वेळ बुडून राहिले तर आपल्या वजनाच्या आठ-दहा टक्क्यांपर्यंत ते पाणी शोषू शकते. ओला दोरा मऊ होतो, जास्त लांबतो आणि त्याचे बळ साधारण दहा-पंधरा टक्क्यांनी कमी भरते. वाळला की ते बळ परत येते. म्हणजे कोकणच्या दमट हवेला दोऱ्याने भिण्याचे कारण नाही. उलट अति कोरड्या, तापलेल्या जागी तो कडक आणि ठिसूळ होतो. असा कडक झालेला, पण मुळात चांगला दोरा वापरण्यापूर्वी तास-दोन तास साध्या पाण्यात भिजवला की पुन्हा नरमतो. उन्हाने मेलेला दोरा मात्र कितीही भिजवला तरी जिवंत होत नाही.

पडवी, माळा आणि पत्र्याचे छप्पर

मालवणची जुनी घरे नळीच्या किंवा मंगलोरी कौलांची, मातीच्या वा चिऱ्याच्या भिंतींची. अशा घरात माजघर थंड आणि काळोखी असते. दोरा ठेवायला याहून चांगली जागा नाही. आता पुष्कळ ठिकाणी पत्र्याचे छप्पर आले आहे. एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याखालच्या माळ्यावर हात ठेववत नाही. तेथे ठेवलेले रीळ दिवसेंदिवस भाजत राहते. ‘अंधारात ठेवले होते, तरी दोरा गेला कसा?’ असे कोणी विचारले तर उत्तर बहुधा माळ्यावर सापडते.

दोरा ठेवण्यापूर्वीचे पहिले काम म्हणजे गोड्या पाण्याने धुणे. समुद्राचे पाणी वाळले की मिठाचे बारीक कण दोऱ्यावर आणि वेटोळ्यांच्या मध्ये अडकून राहतात. दोरा सुटताना हेच कण कानशीसारखे घासतात. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसू लागलेला असतो, तेव्हा दोऱ्यासाठी बादलीभर पाणी म्हणजे घरातल्या बाईच्या कपाळाला आठी! पण शहाणी गृहिणी ते पाणी नाकारत नाही. दोरा काढून घेतला की तेच पाणी भांड्यांच्या पहिल्या विसळणीला वापरते.

धुतलेला दोरा सावलीत, वाऱ्यावर वाळवायचा. मग गुंडाळायचा. यातही एक खुबी आहे. नायलॉनला ‘आठवण’ असते. ज्या आकारात ते फार दिवस राहते, तो आकार धरते. लहानशा रिळावर सहा महिने बसलेला दोरा बाहेर काढला की स्प्रिंगसारखी वेटोळी घेऊन येतो आणि नीट फेकला जात नाही. म्हणून गरीवाले तो रुंद फळीवर किंवा मोठ्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर गुंडाळतात. वेटोळे जेवढे मोठे, तेवढी आठवण कमी त्रासाची. गुंडाळताना दोरा ताणून बसवायचा नाही. ताणलेला दोरा आकसण्याचा प्रयत्न करतो, आतल्या थरांवर दाब देतो आणि त्या दाबाने तो चपटा होतो. सैल, पण गुंता होणार नाही इतपत नेटका गुंडाळलेला दोरा सर्वांत उत्तम.

मग जागा. कपाट, लाकडी पेटी, जाड कापडाची पिशवी, काहीही चालते. मात्र शेजार चांगला हवा. इंजिनाची बॅटरी त्याच खोपटात ठेवलेली असते आणि बॅटरीतले आम्ल हे नायलॉनचे आणखी एक हाडवैरी. एक शिंतोडा पडला तरी तेवढी जागा कामातून जाते. कपडे पांढरे करायची ब्लीचिंग पावडरही दूर ठेवावी. डांबरगोळ्यांची गरज नाही, कारण कसर नायलॉन खात नाही. उंदीर मात्र सोडत नाही! दोऱ्याला माशाचा वास राहिला असेल तर उंदीर वेटोळेच्या वेटोळे कुरतडून ठेवतो. म्हणून झाकणाचा डबा बरा. आणि गळ? ते सोडवून, पुसून, तेलाचा हात लावून वेगळे ठेवायचे. गंजलेला गळ दोऱ्याच्या गाठीला चरे पाडतो.

गाठीचा गुण

नारळी पौर्णिमा जवळ आली की डबे पुन्हा उघडतात आणि परीक्षेचा दिवस येतो. घराघरांतून असे संवाद कानी पडतात :

‘‘आबा, ह्यो दोरो गेल्या वर्साचो. चलात मां?’’

‘‘माका कित्याक इचारतस? गाठ मार आणि वडून बघ.’’

‘‘वरसून तर बरो दिसता.’’

‘‘वरसून सगळेच बरे दिसतत रे! दर्यात मासो तुका गाठीचो गुण सांगतलो.’’

परीक्षा साधी असते. पहिली नजरेची. दोऱ्याचा रंग उडाला आहे का, चकाकी जाऊन पांढुरकी पूड सुटते आहे का? दुसरी बोटांची. चिमटीतून ओढताना कुठे खरखर, खाच, चपटेपणा लागतो का? डोळ्याला न दिसणारा चरा बोटाला कळतो. नखावरून दोरा ओढला तर आणखी स्पष्ट कळतो. तिसरी ताणाची. हातभर तुकडा घेऊन हळूहळू ओढायचा. चांगला दोरा आधी लांबतो, मग तुटतो. म्हातारा दोरा लांबतच नाही, कट्‌कन तुटतो. हात कापू नये म्हणून टोके कापडाला किंवा लाकडाला गुंडाळून ओढावीत. चौथी गाठीची. दोऱ्याच्या मध्ये साधी गाठ मारून पुन्हा ओढायचे. गाठीशी दोरा वाकतो, तेथे ताण एकवटतो. ठिसूळपणा आला असेल तर तो सर्वांत आधी येथे उघडा पडतो. ज्यांच्याकडे तागडीचा स्प्रिंगकाटा आहे, ते दोरा काट्याला बांधून तो किती किलोला तुटतो, हेही पाहतात. नव्या दोऱ्याच्या तुकड्याशी तुलना केली की कोणाला सांगायची गरज उरत नाही.

गाठ मारतानाची एक बारीक रीतही येथे लहानपणीच शिकवली जाते. गाठ आवळण्यापूर्वी ती ओली करायची. कोरडा दोरा स्वतःवरच घासत आवळला गेला की त्या घर्षणाने उष्णता निर्माण होते आणि नायलॉन तेथे दुखावते. म्हणून गरीवाला गाठ तोंडात धरून ओली करताना दिसतो. पाहुण्याला ती खोड वाटते, पण त्यामागे शास्त्र आहे.

परीक्षेत नापास झालेला दोरा ठेवून देण्याचा मोह फार. ‘पडवीला दोरी बांधायला होईल’, ‘पोरांना खाडीवर चालेल’. पण पोराचा दोराही तुटतोच आणि तुटलेला दोरा पाण्यातच राहतो. तेथून निराळीच कहाणी सुरू होते.

बळ गेले, तरी जीव जात नाही

येथे एक कोडे आहे. जो दोरा उन्हात एक-दोन वर्षांत कुचकामी होतो, तोच समुद्रात टाकला तर शेकडो वर्षे राहतो असे का म्हणतात? अमेरिकेतील सागरी संस्थांनी प्रसिद्ध केलेल्या एका तक्त्यात अशा दोऱ्याचे आयुष्य ६०० वर्षे दिले आहे. तो अंदाज आहे, कारण नायलॉन जन्माला येऊनच अजून शंभर वर्षे झालेली नाहीत. पण कोड्याचे उत्तर सोपे आहे. बळ जाणे वेगळे आणि नाहीसे होणे वेगळे. मासा ओढायला दोरा निकामी झाला तरी त्याचे प्लॅस्टिक तसेच असते. त्यातून समुद्राच्या तळाशी ऊन पोचत नाही आणि पाणी थंड असते. कोळ्याने घरात जी व्यवस्था मुद्दाम करायची, ती अंधारी, थंड जागा टाकलेल्या दोऱ्याला तेथे आपोआप मिळते!

मालवणच्या समुद्रात याचे मोल मोठे आहे. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत प्रवाळ आहेत. १९८७ साली येथील २९ चौरस किलोमीटरच्या क्षेत्राला सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुटलेला दोरा खडकाला, प्रवाळाला गुंडाळतो. त्यात खेकडे, मासे अडकतात. मेलेल्या माशाच्या वासाने आणखी मासे येतात आणि अडकतात. कोणाच्याही हाती न लागणारी ही मासेमारी चालूच राहते. संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी २००९ साली काढलेल्या अहवालात, जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ४० हजार टन मासेमारीचे साहित्य समुद्रात राहून जाते, असा अंदाज दिला होता. किनाऱ्यावर अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या मानेला आणि पायांना हे दोरे आवळतात. जाळ्यात अडकलेले संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी कोळ्याने स्वतःचे जाळे कापले तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या अखेरीस आणली, ती याच काळजीपोटी.

आकाशातही याचे भाऊबंद आहेतच. संक्रांतीच्या सुमारास पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापणारा नायलॉनचा मांजा याच कुळातला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली.

म्हणून दोरा जपून ठेवण्याइतकेच तो नीट टाकणेही महत्त्वाचे. जाणते गरीवाले होडीत एक रिकामी बाटली ठेवतात. तुटके, गुंतलेले तुकडे त्यात जातात आणि बाटली घरी येते. टाकण्यापूर्वी दोऱ्याचे वीतभर तुकडे करावेत, म्हणजे कचऱ्याच्या ढिगावर गाई-कुत्र्यांच्या पायांत, पक्ष्यांच्या चोचीत तो अडकत नाही. चुलीत मात्र घालू नये. जळत्या नायलॉनचा धूर विषारी असतो. नायलॉन वितळवून पुन्हा वापरता येते, तेव्हा भंगारवाला घेत असेल तर सर्वांत उत्तम.

नारळ वाहिला की

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. माशांचा विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणे त्यामागे आहेत. या काळात बिगरयांत्रिक होड्यांना आणि खाडीकाठच्या गरीवाल्यांना मोकळीक असली तरी मुख्य हंगामाचे वेध लागतात ते श्रावणातच. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर सारे गाव लोटते. वाजतगाजत येऊन समुद्राला नारळ वाहिला जातो, बायाबापड्यांची नारळ लढवण्याची धमाल उडते आणि दर्याला शांत होण्याची विनवणी होते.

देशाच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हा सोहळा एकदा तरी पाहावा. कोकण रेल्वेने कुडाळला उतरले की मालवण सुमारे तीस किलोमीटर. पावसात किल्ल्यावर जाता येत नाही, स्कूबा डायव्हिंगही बंद असते. पण हिरवीगार भातशेते, तुडुंब कर्ली नदी आणि गर्दी नसलेला किनारा यांचे सुख वेगळेच. किल्ला पाहायचा तर दिवाळीनंतर यावे. बाजारातून खाजे आणि सोलांबरोबर एखादे रीळही घ्यावे, मुलांना धक्क्यावर बसून गरवण्याची गंमत दाखवावी. एवढे मात्र लक्षात ठेवावे, की परतताना ते रीळ मोटारीच्या मागच्या काचेपाशी उन्हात टाकायचे नाही.

इकडे श्रावणातल्या त्या संध्याकाळी बंदरावरची गर्दी पांगली की पडवीतला डबा उघडतो. पास झालेला दोरा फळीवरून सुटतो, गाठ ओली होते, नवा गळ चढतो. आबा एकदा ओढून बघतात आणि मान हलवतात. दुसऱ्या दिवशी पहाटे, ओहोटीच्या बेताने, होडी पाण्यात ढकलली जाते.